खोड काढणारं गिऱ्हाईक

मागच्या उन्हाळ्यात पदवीचा निकाल लागला आणि मुलाखतींचा रतीब सुरू झाला. त्यातली एक पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीची होती, मोबाइलच्या पडद्यावरून. ठरलेले प्रश्न संपल्यावर पलीकडच्या बाईंनी विचारलं, "अलीकडे तुम्हाला आवडलेल्या तीन गोष्टी सांगा. खाणं, कपडे, सिनेमा, काहीही चालेल." मी एका दमात सांगून टाकलं : मिसळ, नाटक आणि कोल्हापुरी चप्पल. बाई खूश झाल्या. "किती छान, मातीशी नातं आहे तुमचं." त्यांना माझे पाय दिसत नव्हते. पायात निळी रबरी सपाता होती. दाराबाहेरच्या मांडणीत जी 'कोल्हापुरी' होती, ती कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरून साडेतीनशेला आणलेली, रेक्झिनची. एका पावसात तिचा तळ पापडासारखा सुटला होता. आणि शेवटचं नाटक कधी पाहिलं, हे आठवायला मला त्या रात्री बराच वेळ लागला.

मिसळ मात्र त्याच दिवशी सकाळी खाल्ली होती.

नोकरी मिळाली नाही, तो विषय वेगळा. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घर करून बसली आहे. माझ्या वयाच्या पोरांना आपल्या गोष्टींचं प्रेम उरलं नाही, अशी एक ओरड असते. व्यासपीठावरून असते, लग्नात जेवणाच्या पंगतीला असते. मला ती मुळीच पटत नाही. प्रेम उतू जातंय. कोल्हापुरात तर ते गाडीच्या मागच्या काचेवर लिहून फिरतं, 'जगात भारी कोल्हापुरी'. तुटवडा आहे तो गिऱ्हाइकाचा. तेही नुसतं पैसे टाकून जाणाऱ्या गिऱ्हाइकाचा नव्हे. वस्तू उलटीपालटी करून बघणारं, नाक मुरडणारं, खोड काढणारं आणि तरीही पुढच्या वेळी पुन्हा येणारं गिऱ्हाईक ज्या गोष्टीला आहे, ती या गावात टिकली आहे. ज्या गोष्टीला नुसते अभिमानी मिळाले, ती खंगली आहे.

मिसळीचं बघा. "मिसळ कुठली चांगली?" एवढं चार कोल्हापूरकरांत विचारावं आणि बाजूला व्हावं. कुणी फडतरेंचं नाव घेईल, कुणी बावड्याचं, कुणी चोरगेंचं. खासबागवाला गप्प बसणार नाही. वाद नावांवर संपत नाही. कट आज पातळ होता, मटकी जास्त शिजली, शेव-चिवडा कालचा वाटला, ब्रेडचा स्लाइस जाड हवा होता. (हो, आमच्याकडे मिसळीबरोबर स्लाइसच. लादीपाव मागणारा लगेच ओळखू येतो.) आमचे पप्पा वीस वर्षं दर रविवारी एकाच ठिकाणी मिसळ खातात आणि वीस वर्षं दर रविवारी म्हणतात, "पूर्वीसारखी राहिली नाही." घरी येऊन नव्हे, तिथंच गल्ल्यापाशी, मालकाच्या तोंडावर. मालक ऐकून घेतो आणि वाढप्याला ओरडतो, "अरं, त्यांना कट आण की." या कुरकुरीवर मिसळ जगली आहे. तिला वाचवायला अजून कुणाला मोर्चा काढावा लागलेला नाही.

घरातही तोच न्याय. उन्हाळ्यात वर्षाची कांदा-लसणाची चटणी होते तेव्हा रंगाला ब्याडगी, झणक्याला संकेश्वरी, हे प्रमाण प्रत्येक घराचं वेगळं. कांडपाच्या गिरणीत आई डब्यावर नजर ठेवून उभी असते आणि आज्जी घरी आल्याआल्या चिमूटभर जिभेवर ठेवून निकाल देते : "औंदा रंग न्हाई आला." या निकालावर अपील नाही. बाहेरगावच्या हॉटेलात 'व्हेज कोल्हापुरी' नावाचा जो जाळ मिळतो, तो आज्जीच्या पुढ्यात ठेवायची माझी फार इच्छा आहे. कोल्हापुरी म्हणजे नुसतं तिखट, असं ज्यांना वाटतं त्यांनी पांढरा रस्सा कधी नीट प्यायलेला नसतो. नारळाचं दूध, तीळ, खसखस आणि मटणाचा अळणी. त्यात घशाला जाळ लागला तर करणाऱ्याचं चुकलंय, आणि इथं कुणीतरी त्याला तसं सांगतंच.

फुटबॉलचंही तसंच. पाटाकडील आणि खंडोबा या तालमींच्या संघांची मॅच असली की शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर पंच्याहत्तरीची आज्जी-आजोबा मंडळीसुद्धा दिसतात, आणि एखाद्या पोरानं डावीकडून पास चुकवला की त्याच्या बापानंही तसाच पास चुकवला होता, इथपर्यंत चर्चा जाते. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. त्यामागं त्याचे कष्ट, प्रशिक्षक, घरचे लोक आहेतच. पण पेठांच्या मॅचला चुकलेल्या पासवर हजारो माणसं एकदम हळहळतात अशा गावातून तो आला, हेही विसरता येत नाही.

आता चप्पल.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं पुरुषांच्या पायांत अंगठ्याच्या सँडल चालवल्या. दिसायला थेट कोल्हापुरी, आणि कोल्हापूरचं नाव कुठंच नाही. पुढचे पंधरा दिवस आम्ही सगळे पेटलो होतो. मीही स्टेटसला लाल अक्षरांत बरंच काही लिहिलं. राग खोटा नव्हता आणि वायाही गेला नाही. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं पत्र लिहिल्यावर कंपनीनं भारतीय पारंपरिक पादत्राणांवरून ही सँडल सुचल्याचं कबूल केलं. जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. डिसेंबरात आपलं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर या सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी त्यांनी करार जाहीर केला : दोन हजारांच्या आसपास जोड, एकेकाची किंमत आठशे युरोच्या घरात. ठीक आहे. पण दोन हजार जोडांवर धंदा चालत नाही. धंदा चालतो तो कोल्हापूर, सांगली, निपाणीच्या पायांवर.

आणि ते स्टेटस लिहिताना माझ्या स्वतःच्या पायांत काय होतं? एका अमेरिकी ब्रँडच्या बुटांची फर्स्ट कॉपी, चौदाशे रुपयांची. माझ्या ग्रुपमधल्या निम्म्या पोरांच्या पायांत तेच. चोरलेला घाट पायात घालून आम्ही घाट चोरणाऱ्याला शिव्या देत होतो. हे मला त्या वेळी सुचलं असतं तर शोभलं असतं. सुचलं चार महिन्यांनी, चपला करणाऱ्या एका मामांच्या दुकानात.

दुकान म्हणजे रस्त्यावर तोंड असलेली खोली. मागं आरी, रापी, कातड्याचे तुकडे. मी दारात उभी राहिले तर मामा मान वर न करता म्हणाले, "फोटो काढायचाय का घ्यायचीय?" प्राडानंतर दोन महिने फोटोवालेच येत होते, चप्पल घेणारं कुणी नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. मी घ्यायचीय म्हटलं. त्यांनी कापशी घाटाची चप्पल काढून पुढं ठेवली. बावीसशे. मी सवयीनं म्हटलं, "आठशेला द्या." मामा रागावले नाहीत. समोरच्या काचेच्या दुकानाकडं बोट दाखवून म्हणाले, "आठशेची तिकडं आहे. लांबून सारखीच दिसती."

मग त्यांनी चप्पल उलटी केली, वाकवली, माझ्या नाकापाशी धरली. म्हशीचं कातडं, बाभळीची साल आणि हिरडा घालून कमवलेलं. त्यालाच कित्येक आठवडे जातात. त्याचा एक तुरट, ओल्या मातीसारखा वास असतो. रेक्झिनला येतो तो डिंकाचा वास. टाके कातड्याच्याच वादीचे, खिळा एकही नाही. पट्ट्यावरची वेणी घरातल्या बायकांनी घातलेली, त्या बायकांचं नाव कुठल्याच पेटीवर नसतं. "टाका बघ, अंतर बघ, मग किंमत पाड," मामा म्हणाले. मला एकदम माझा आज्जा आठवला. तो असाच चप्पल वाकवून, हुंगून बघायचा आणि दुकानदाराशी अर्धा तास टाक्यांवरून भांडायचा. किमतीवर पाच मिनिटं. आम्ही नेमकं उलटं करतो. टाक्यांवर पाच सेकंद आणि किमतीवर अर्धा तास.

फरक वाटतो तेवढा किरकोळ नाही. गिऱ्हाईक फक्त किंमत बघायला लागलं की विकणारा, गिऱ्हाइकाला जे दिसत नाही ते काढून टाकतो. आधी कातड्याची जाडी जाते, मग वादीच्या जागी दोरा येतो, मग दोऱ्याच्या जागी डिंक. जो हे करत नाही तो बावीसशे सांगतो आणि लुटारू ठरतो. चांगल्या मालाची ओळखच गेली की चांगला माल करणं हा शुद्ध तोट्याचा व्यवहार उरतो. हे काम प्राडानं केलेलं नाही. हे महाद्वार रोडवर, साडेतीनशे रुपये मोजून, मी केलं आहे. त्यात कातड्याची अडचण वेगळीच. २०१५ च्या कायद्यानं गोवंश हत्याबंदी बैलांपर्यंत आली, तेव्हापासून चांगलं कातडं मिळवताना नाकी नऊ येतात, असं कारागीर सांगतात. तिथं गिऱ्हाइकाच्या हातात फारसं काही नाही. टाके बघणं मात्र हातात आहे.

कागदावर संरक्षण आहेच. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. ते आठ जिल्ह्यांचं आहे : आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. हे सांगितलं की आमच्यातले जाज्वल्य अभिमानी जरा गप्प होतात. कर्नाटकातल्या अथणीच्या कारागिरानं केलेली चप्पल 'जगात भारी कोल्हापुरी' म्हणून आपण पिढ्यानपिढ्या मिरवतोय, सीमाप्रश्न बाजूला ठेवून. लिडकॉमनं अस्सल जोडांसाठी क्यूआर कोडचीही योजना आणली, म्हणजे कुणी बनवली, कुठं बनवली ते मोबाइलवर कळावं. मी तीन दुकानांत त्या कोडबद्दल विचारलं. दोघांना मी सरकारी माणूस वाटले. तिसरा खरं बोलला : "ते कोण विचारतंय?" प्रश्नच कुणी विचारणार नसेल तर उत्तर छापून काय उपयोग?

अजून एक गोष्ट आहे, ती अभिमानाच्या गप्पांत सहसा येत नाही. चप्पल आमची, पण ती करणारे हात आम्ही कधी आमचे मानले नाहीत. कातडं कमावणाऱ्या, शिवणाऱ्या घरांतली पोरं हा धंदा सोडताहेत त्याला पैसा हे एक कारण. दुसरं कारण सगळ्यांना माहीत असतं आणि ते स्टेटसवर लिहायची पद्धत नाही. मामांचा मुलगा माझ्याच वर्षी पदवीधर झाला. तो काय करतो विचारलं तर मामा म्हणाले, "शिरोलीला कंपनीत आहे. हितं बसला असता तर पोरगी कोण देणार त्याला?"

या गावात शाहू महाराजांचं नाव घेतल्याशिवाय भाषण सुरू होत नाही, म्हणून मी ते टाळणार होते. पण एक गोष्ट टाळता येत नाही. गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पदरी पागेत होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला सांगितलं, मदत केली, आणि त्यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचं हॉटेल काढलं. गिऱ्हाईक येईना. दलिताच्या हातचा चहा पिणार कोण? तेव्हा महाराजांनी काय केलं? गाडी थांबवली आणि चहा मागवला. स्वतः प्यायले, बरोबरच्यांनाही पाजला. कायदे त्यांनी पुष्कळ केले, १९०२ मध्ये निम्म्या जागा राखीव ठेवण्याचा हुकूमही काढला. पण त्या हॉटेलासाठी त्यांनी केलं ते एवढंच : ते गिऱ्हाईक झाले. दर जयंती-पुण्यतिथीला हार घालणाऱ्या आम्हा लोकांना ही गोष्ट पाठ आहे. ती करायची असते, असं मात्र कुणाच्या मनात येत नाही.

नाटकाबद्दल लिहिताना मला जास्त लाज वाटते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी संगीतसूर्य केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी बांधवून घेतलेलं, १९१५ पासूनचं थिएटर, शेजारी खासबाग मैदान. सकाळी मी गेले तेव्हा गर्दी होती, जळक्या लाकडाचा वास होता आणि म्हातारी माणसं उघड रडत होती. मीही रडले. मग घरी येऊन हिशेब केला : कॉलेजच्या वर्षांत मी त्या दारातून आत किती वेळा गेले? तीनदा. दोनदा कुणाच्या तरी गॅदरिंगला, एकदा नाटकाला. तिन्ही वेळा फुकट पासावर.

'पास आहे का?' हा कोल्हापूरचा जुना रोग आहे. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्रयोगाचं तिकीट वडापावाच्या किमतीत मिळतं आणि तरी निम्म्या खुर्च्या रिकाम्या. बसलेल्यांतले बरेचसे नटांचे नातेवाईक, आणि नातेवाईक खोड काढत नाहीत. ते प्रयोग संपल्यावर विंगेत जाऊन मिठी मारतात. माझा आज्जा सांगायचा, एखाद्या नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत आला नाही तर मागून हाळी यायची : "आवाज!" नट तिथल्या तिथं सुधारायचा. आता माइक आलेत, हाळी गेली. मला ती हाळी परत हवी आहे. नाट्यगृह पुन्हा उभं राहतंय, सार्वजनिक पैशातून राहतंय, आणि राहायलाच हवं. माझी मागणी एवढीच की ते उघडेल तेव्हा फुकट पास बंद व्हावेत. सगळ्यांचे. नगरसेवकांचे, पत्रकारांचे, उद्घाटनाला पहिल्या रांगेत बसणाऱ्यांचेसुद्धा. ज्यानं पन्नास रुपये मोजलेत, त्याला "आवाज!" म्हणायला तोंड असतं. पासवाला मोबाइल बघत बसतो.

दागिन्यांचं थोडक्यात सांगते, कारण तिथं माझं ज्ञान तोकडं आहे. आमच्या वर्गातल्या मुली ऑनलाइन ऑक्सिडाइज्डचे झुमके मागवतात, महिन्यात काळे पडतात, नवे मागवतात. हुपरी इथून बसनं तासाभराच्या अंतरावर आहे, घरोघरी चांदीचं काम. मी पदवी मिळेपर्यंत एकदाही हुपरीला गेले नव्हते.

आता मैत्रिणीचा आक्षेप. ती शिरोली एमआयडीसीत चौदा हजारांवर काम करते. हे सगळं ऐकून ती म्हणाली, "चौदा हजारांत बावीसशेची चप्पल? तुझं काय जातंय लिहायला?" तिचं बरोबर आहे आणि नाहीही. आमच्याकडे पैसे कमी आहेत हे खरं. पण आम्ही दोघींनी वर्षभरात घेतलेल्या पादत्राणांची बेरीज मांडली : फर्स्ट कॉपीचे बूट, दोन रेक्झिनच्या, एक पावसाळी, एक लग्नातली चमकी. माझी एकोणतीसशे भरली, तिची तीन हजार शंभर. यातलं धडपणे काहीच उरलेलं नाही. ती बेरजेकडं बघून म्हणाली, "पण एकदम बावीसशे कुठं असतात गं?" याचं उत्तर माझ्याकडे नाही. हप्त्यानं मोबाइल मिळतो, हप्त्यानं गाडी मिळते, चप्पल मिळत नाही. आमच्या गल्लीत बायकांची भिशी आहे. तिच्यातून साड्या होतात, कुकर होतात. चपलेची भिशी का असू नये, असं मी आईला म्हटलं तर ती हसली. मी गंमत करत नव्हते.

दुसरा आक्षेप मी स्वतःच घेते. खोड काढण्याचा सध्या सुकाळच आहे. कुणीही कुणाच्या हॉटेलाला बसल्या जागी एक तारा देऊन मोकळा होतो. कधी न खाताही. ते मला म्हणायचं नाही. पप्पांची कुरकुर आणि तो एक तारा यांत फरक असा, की पप्पा पुढच्या रविवारी परत जातात. मालकाला ते माहीत असतं, म्हणून तो ऐकतो. परत न येणाऱ्याच्या तक्रारीला किंमत नाही आणि परत येऊन गप्प बसणाऱ्याच्या प्रेमालाही फारशी नाही.

चप्पल मी शेवटी एकोणीसशेला घेतली. आठ दिवस चावली. मामांनी सांगितल्याप्रमाणं एरंडेल लावलं, मग वठणीवर आली. आता करकर वाजते आणि ऑफिसात (दुसरी नोकरी लागली, इथंच, राजारामपुरीत) सगळे मागं वळून बघतात. तिसऱ्या महिन्यात डाव्या अंगठ्याचा टाका सैल झाला. घेऊन गेले. मामांनी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "तुझी चालच वाकडी आहे, टाका काय करंल?" मी म्हटलं, चाल तेवीस वर्षं हीच आहे, टाका तीन महिन्यांचा आहे. दहा मिनिटं आमचं झालं. शेजारचा पानवाला येऊन उभा राहिला, त्यानंही टाका बघितला आणि मामांच्या बाजूनं बोलला. मग मामांनी आरी काढली, वादी भिजवली, टाका घातला, तीस रुपये सांगितले. मी वीस म्हटलं. बाहेर येऊन चार पावलं चालले, परत वळले आणि म्हटलं, "मामा, अजून जरा सैलच आहे."